अर्धी भिंत

भिंगारला गेलो की मी आधी घरी जात नाही. पाथर्डी रस्त्यावर उतरतो, पिशवी खांद्याला लावतो आणि मंडळीच्या आवारात शिरतो. देवळाच्या मागच्या बाजूला एक दगडी भिंत आहे. चाळीसेक फूट लांब, छातीइतकी उंच. भिंतीत बघण्यासारखं काही नाही. काळा दगड, सिमेंटच्या दर्जा, वर पावसानं धरलेलं शेवाळ. पण मधोमध, थोडं डावीकडं, एक रेघ आहे. पायऱ्या-पायऱ्यांनी वरून खाली उतरत गेलेली. रेघेच्या डाव्या अंगाची दर्ज काळपट आहे, उजव्या अंगाची पांढुरकी. वाळू वेगळी, हात मात्र एकच. दोन्ही बाजू माझ्या वडलांनी बांधल्यात. मध्ये सव्वा महिना गेला. त्या सव्वा महिन्याची ही गोष्ट आहे.

वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना आमचे शब्द ठाऊक नसतील म्हणून सांगतो. आम्ही चर्चच्या इमारतीला देऊळ म्हणतो, आणि तिथं जमणाऱ्या माणसांना मंडळी. 'मंडळीनं ठरवलं', 'मंडळीत बोललं गेलं', असं आमच्या घरात रोज चालायचं. लहानपणी मला वाटायचं, मंडळी ही कुणीतरी मोठी, जाडजूड बाईच असणार. सगळ्यांच्या घरात तिचं लक्ष.

आमचं भिंगार म्हणजे धड गाव नाही आणि धड शहरही नाही. पलीकडं नगर, मध्ये भुईकोट किल्ला, अलीकडं छावणी. पूर्वेला डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. खरं तर ती सलाबतखानाची कबर, पण चांदबिबीचं नाव लोकांनी सोडलं नाही. औरंगजेब बादशहा १७०७ साली इथंच, भिंगारच्या छावणीत गेला. आजोबा म्हणायचे, "एवढा मोठा बादशा, पण मरायला भिंगारला यावं लागलं!" आजोबा नेवासे तालुक्यातून छावणीच्या बांधकामावर गवंडी म्हणून आले आणि इथलेच झाले. वडलांनीही करणी हातात घेतली. त्यांना आम्ही दादा म्हणायचो.

दादांच्या हाताला नाव होतं. दगड हातात घेऊन ते दोनदा फिरवायचे, आणि तो कुठं बसणार हे त्यांना कळायचं. छिन्नीचा एक टोला, फार तर दोन. मोठे ठेकेदार त्यांना घरी येऊन 'मिस्त्री' म्हणून बोलवून न्यायचे. ओळंबा सोडून एक डोळा मिटून ते भिंतीकडं बघत उभे राहिले की मला वाटायचं, जगात यापेक्षा मोठं काम नाही.

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, बांधकामं थांबली. पाणीच नाही तर चुना-सिमेंट कालवायचं कशात? माणसं रोजगार हमीच्या आणि दुष्काळी कामांवर गेली. दादाही गेले. खडी फोडायला. मी नऊ वर्षांचा होतो. आम्हाला शाळेत सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो. दादा संध्याकाळी यायचे तेव्हा हाताला फोड आलेले असायचे. ते फोड त्यांना दुखत नव्हते. दुखत होतं ते हे, की मिस्त्रीच्या हातात खडी फोडायचा हातोडा आला. दगड घडवायची सवय असलेल्या माणसानं दिवसभर दगडाचा नुसता चुरा करायचा. कामावरून येताना कुणीतरी त्यांना नाल्याकडच्या गुत्त्यावर नेलं. अंग दुखतं म्हणून घेतली. नंतर अंग दुखलं नाही तरी घेतली. दुष्काळ सरला, पाऊस आला, बांधकामं सुरू झाली. पण दादांचा रस्ता नाल्याकडूनच यायला लागला.

दारुड्याच्या घरातलं मी काही नव्यानं सांगणार नाही. मराठीत ते पुष्कळांनी लिहिलंय आणि पुष्कळांनी भोगलंय. आमच्याकडं ते इतरांसारखंच झालं. आधी भांडी गेली, मग आईचं डोरलं, मग अवजारं. अवजारं गेली त्या दिवशी मात्र आई रडली. "आता हे मानूस कशानं कमावनार?" एवढंच ती म्हणत होती. करणी, थापी, गुण्या, ओळंबा, सगळं एका गोणपाटात बांधून गुत्त्यावाल्याकडं गहाण पडलं.

मंडळीतली माणसं घरी यायची. आठवड्यातून एकदा पाळकसाहेब आणि कुणीतरी दोघं-तिघं. त्यांचं येणं मला आवडायचं नाही. घरात बसायला एकच धड खाट, चहाला साखर नाही, आणि त्यात दादा कुठल्या अवस्थेत येतील याचा नेम नाही. आई खोटं बोलायची, "ते कामावर गेलेत." एकदा पाळकसाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही त्यांच्यासाठी खोटं बोलू नका. आम्हाला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच आम्ही आलोय." आई खाली मान घालून बसली. मग पहिल्यांदाच तिनं सगळं सांगितलं. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो आणि माझे कान गरम झाले होते. घरातली गोष्ट बाहेर गेली याचा मला राग आला. पण त्या रात्री आईला झोप लागली, हेही मी पाहिलं.

नगर भागातल्या ख्रिस्ती माणसाला अशा घरभेटींचं नवल नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. 'ज्ञानोदय' १८४२ साली इथूनच निघालं. मिस फॅरार यांच्या इथल्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे घेतले. रेव्हरंड टिळक नगरला राहिले. त्यांच्या घरी निराधार पोरं कशी येत आणि घरचीच होऊन जात, हे लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला माहीत आहे. टिळकांनी आणि त्यांच्या आधी कृष्णराव सांगळ्यांनी आमच्या देवळात टाळ आणि कीर्तन आणलं. दुष्काळात उघडी पडलेली कितीतरी घरं मिशनच्या आसऱ्यानं उभी राहिली. माझ्या पणजीचं घर त्यातलंच, छप्पनच्या दुष्काळातलं. म्हणजे पडलेल्याला हात द्यायचा ही आमच्याकडची जुनी रीत. पण रीत असली तरी ती दर वेळी कुणीतरी नव्यानं पाळावी लागते. आणि मंडळीत भांडणं नसतात असंही नाही. पैशावरून, मानावरून, निवडणुकीवरून आमच्याकडं जी भांडणं व्हायची ती कुठल्याही ग्रामपंचायतीला हार जाणारी नव्हती.

१९७८ साली मी दहावीत होतो. पहाटे छावणीत पेपर टाकायचो. त्यातून परीक्षेच्या फॉर्मसाठी बत्तीस रुपये साठवले होते. ते मी आईच्या पवित्र शास्त्रात ठेवले होते, स्तोत्रसंहितेच्या पानात. मला वाटलं, तिथून तरी कुणी घेणार नाही.

ऑगस्टमधली एक रात्र. भुरभुर पाऊस. पुस्तक उघडलं तर पान रिकामं. मी काही न बोलता बाहेर पडलो. नाल्याच्या अलीकडच्या बोळात दादा भिंतीला धरून येत होते. मी विचारलं, "माझे पैसे?" ते हसले. कदाचित हसले नसतील, तोंड तसं झालं असेल. मी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. ते मागं गेले, चरात पडले, कडेच्या फरशीवर डोकं आपटलं. मी वाकून पाहिलं नाही. घरी आलो. आईनं विचारलं, "दिसले का रं?" मी म्हणालो, "नाय."

अकराच्या सुमाराला मंडळीतल्या दोघांनी त्यांना घरी आणलं. एक मिलिटरीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, दुसरे शिंपीकाम करणारे. दादांच्या कपाळावर रुमाल बांधलेला, रुमाल लाल. शिंपीमामा म्हणाले, "पाय घसरला वाटतं. चरात पडले होते." दादांनी माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. मी भिंतीकडं तोंड करून झोपलो. झोप आली नाही.

परीक्षेच्या फॉर्मचे पैसे मोठ्या बाईंनी भरले. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. पांढरं पातळ, जाड भिंगाचा चष्मा, एकट्याच राहायच्या. आम्हा पाच-सहा पोरांना त्या ओट्यावर इंग्रजी आणि गणित शिकवायच्या. पैसे घ्यायच्या नाहीत, पण पाढा चुकला तर जेवायला बसू द्यायच्या नाहीत. त्याच वर्षी आमचा प्रभुभोजनाचा वर्ग चालू होता. म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासद व्हायच्या आधीची शिकवण. बाकीच्या पोरांनी नावं दिली. मी दिलं नाही. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणालो, "अभ्यास आहे." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पाढे पुढं चालू ठेवले.

सप्टेंबरच्या शेवटी उत्तरेचा पाऊस कोसळला आणि देवळामागची जुनी मातीत बांधलेली भिंत पडली. पंचांची बैठक बसली. भिंत बांधायची हे ठरलं, पण मिस्त्री कोण? पाळकसाहेबांनी दादांचं नाव काढलं. आम्ही तरुण संघाची पोरं बाहेर सतरंज्या झटकत होतो. आतून कुणीतरी मोठ्यानं हसल्याचा आवाज आला तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पण काम दादांना मिळालं. त्याच्या अटी होत्या, आणि त्या दादांसमोर बसून ठरल्या. रोजचे बारा रुपये आईच्या हातात जायचे. पिऊन आले तर त्या दिवशी काम नाही, पण दुसऱ्या दिवशी यायचं. अवजारं मंडळीनं गुत्त्यावाल्याकडून सोडवून आणली, ती रात्री देवळातच ठेवायची. दादा सगळ्याला "व्हय" म्हणाले. गोणपाट उघडून त्यांनी ओळंबा हातात घेतला आणि त्याची दोरी बराच वेळ बोटाला गुंडाळत बसले.

नऊ दिवस त्यांनी काम केलं. पाया मजबूत होता, पडलेला दगडही चांगला होता. भिंत डावीकडून उठत गेली. देवळात येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची, "मिस्त्री, हात गेला नाही तुमचा!" दहाव्या दिवशी दादा आले नाहीत. अकराव्या दिवशीही नाही. ते पार गेले होते. चार-चार दिवस घरीसुद्धा नव्हते. भिंत मध्येच, पायऱ्या सोडून उभी राहिली. अर्धी.

आता खरी पंचाईत झाली. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं. पाळकसाहेबांनी खेटे घालून पोती मिळवली होती, त्यातलं एक फोडलेलं. पावसाळी हवेत फोडलेलं पोतं राहिलं तर त्याचा दगड व्हायला वेळ लागत नाही. पुन्हा बैठक बसली. या वेळी मी मुद्दाम खिडकीखाली उभा राहिलो.

खजिनदार तावातावानं बोलत होते. आज विचार केला तर त्यांचं काही चुकत नव्हतं. ते म्हणाले, "हा पैसा दानार्पणातला आहे. मोलमजुरी करणाऱ्या बायांनी रविवारी टाकलेली नाणी आहेत ही. एका माणसाला सुधरवायला आपण मंडळीचं नुकसान करायचं का? दुसरा मिस्त्री चार दिवसांत भिंत उरकेल."

पाळकसाहेब थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "उरकेल. पण मग रोज या बाजूनं जाताना त्या माणसाला काय दिसेल? आपण सोडलेलं काम दुसऱ्यानं पुरं केलं. तो परत या आवारात येणार नाही. भिंत नाही म्हणून फार तर शेळ्या येतील."

"शेळ्या येतातच," कुणीतरी म्हणालं. "शेवंतीची रोपं खाल्ली."

तेव्हा बाईंचा आवाज आला. बैठकीत बाईमाणूस त्या एकट्याच. "शेळ्या हाकायला मी बसते दुपारची. मला तशीही दुपारी झोप येत नाही."

हशा पिकला आणि बैठक मोडली. पण बाई खरोखरच बसल्या. दुपारी एक ते चार, पडक्या भिंतीच्या बाजूला खुर्ची टाकून, मांडीवर पुस्तक आणि हातात काठी. आम्हा पोरांची शिकवणीही तिथंच भरायला लागली. आणि सिमेंटचं फोडलेलं पोतं? ते खजिनदारांनीच सायकलवर लादून एका सभासदाच्या चालू बांधकामावर उसनं नेऊन दिलं. "त्याला मिळालं की तो परत करील," एवढंच म्हणाले. त्यांचा राग गेला नव्हता, पण पोतं त्यांनी वाया जाऊ दिलं नाही.

एका दुपारी बाकीची पोरं गेल्यावर बाईंनी मला थांबवलं. "बाळ, तू नाव का दिलं नाहीस?" या वेळी मला अभ्यासाचं सांगता आलं नाही. त्या रात्रीचं सगळं बाहेर पडलं. ढकललं ते, आईशी खोटं बोललो ते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांना चरात पडलेलं सोडून येताना मला बरं वाटलं होतं ते. बोलून झाल्यावर मी वाट बघत राहिलो, आता बाई रागावतील. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. म्हणाल्या, "किती दिवस एकट्यानं वाहिलंस हे!" मग बऱ्याच वेळानं, "माझ्याजवळ बोललास ते माझ्याजवळच राहील. दादांना सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते तुझं तू ठरव. पण वेदीपाशी जायच्या आधी भावाशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय. ते दादांसाठी जितकं खरं आहे तितकंच तुझ्यासाठी." त्यांनी पाठ थोपटली नाही की प्रार्थना करू असंही म्हणाल्या नाहीत. समोरून शेळी येत होती, तिला हाकलायला उठल्या.

तोवर मला वाटत होतं, मंडळीनं सावरायचं ते दादांना. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पडलेल्यांत मीही होतो.

तीन आठवडे झाले असतील. एके पहाटे दादा पाळकसाहेबांच्या दारात उभे राहिले. मला हे नंतर आईकडून कळलं. हात इतके थरथरत होते की चहाची बशी धरवेना. तोंडाला चव नाही, दरदरून घाम, भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. ते म्हणाले, "साहेब, आता प्रार्थना करा, नाय तर मी मरतो." पाळकसाहेब म्हणाले, "प्रार्थना वाटेत करू. आधी डॉक्टर." टांगा बोलावला आणि त्यांना नगरला बूथ हॉस्पिटलात नेलं. वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आज हे पुष्कळांना माहीत आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली सुरू झालं, त्यानंतर व्यसन हा आजार आहे, हे मराठी घरांतून हळूहळू बोललं जाऊ लागलं. १९७८ साली भिंगारमध्ये दारू म्हणजे पाप नाही तर नशीब, एवढंच लोकांना ठाऊक होतं. पाळकसाहेबांना तिसरी गोष्ट ठाऊक होती, हे आमचं भाग्य.

दवाखान्यात आठ-दहा दिवस काढून दादा घरी आले. अंगात कापड राहत नव्हतं. आता अवघड वेळ कुठली, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. "सात ते नऊ. तवा पाय आपोआप तिकडं वळत्यात." मग मंडळीतल्या चौघांनी पाळ्या लावल्या. रोज संध्याकाळी सातला एकजण आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. उपदेश नाही, शास्त्रवाचनही रोज नाही. पानसुपारी, छावणीतल्या बातम्या, पावसाची चर्चा. कधी ढोलकी आणून भजन. नऊ वाजले की माणूस "सलाम" म्हणून उठायचा. पहिली पाळी कुणी घेतली असेल? खजिनदारांनी. ते आणि दादा पहिले दोन दिवस एकमेकांशी जवळजवळ बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी खजिनदारांनी आपल्या घरातल्या गळक्या धाब्याचा विषय काढला, आणि नऊ कधी वाजले ते दोघांनाही कळलं नाही. वर्षभर या पाळ्या चालल्या. चार माणसांनी वर्षभर आपली संध्याकाळ दिली. याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

नोव्हेंबरात दादा पुन्हा भिंतीवर आले. उसनं सिमेंट परत आलं होतं, वाळू मात्र नवी टाकावी लागली. पांढुरकी. बाईंनी फर्मान काढलं, की शनिवारी-रविवारी दुपारी मी दादांच्या हाताखाली घमेलं वाहायचं. आमच्यात बोलणं असं नव्हतंच. "माल दे." "पाणी आन." "त्यो दगड नको, त्याच्या शेजारचा." असे दोन-तीन शनिवार गेले.

एका दुपारी ओळंबा धरायला त्यांनी मला दिला. ते खाली बसून बघत होते. मी वर दोरी धरून उभा. त्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, मी म्हणालो, "दादा, त्या रात्री तुमचा पाय घसरला नव्हता."

"दोरी हालतीय," ते म्हणाले.

मी दोरी स्थिर धरायचा प्रयत्न केला. हात कापत होता.

"मला ठाऊक हाय," ते खालूनच म्हणाले. "ढकाललं तवा मी शुद्धीत व्हतो. तू गेला ते बी बघितलं."

"मग तुम्ही सांगितलं का नाय कुणाला?"

ते उठून उभे राहिले. कपाळावरचा व्रण तोवर पांढरा पडला होता. "काय सांगायचं? पोराचं पैसं पोराच्या बायबलातनं काढलं, म्हनून पोरानं ढकाललं, आसं? मी तुपली माफी मागाया पायजे व्हती. तोंड व्हईना." मग ते भिंतीकडं वळले. "वळंबा नीट धर. भिंत तिरकी गेली तर मंडळी मला नाय, तुला हसंल."

आम्ही दोघंही रडलो नाही. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत काम केलं, आणि घरी जाताना त्यांनी गोणपाट माझ्या खांद्यावर दिलं. ते आता देवळात ठेवायची गरज नाही, असं पाळकसाहेबांनी त्याच दिवशी सांगितलं होतं.

नाताळच्या आधी भिंत पुरी झाली. हंगामाच्या सणाला आमच्याकडं पहिल्या पिकाचं दान आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. ज्वारीची कणसं, अंडी, कोंबड्या, भोपळे, कुणाच्या हातचे लाडू. आईनं त्या वर्षी एक भोपळा आणला होता, परसातला. बोली वाढत वाढत अकरा रुपयांवर गेली. एवढ्या मोठ्या बोलीचा भोपळा भिंगारमध्ये त्याआधी पाहिला नव्हता. घेतला शिंपीमामांनी. घेऊन सरळ आईच्याच हातात परत दिला, "भाजी करा आणि आम्हाला जेवायला बोलवा." सहा वर्षांत आमच्या घरी पहिल्यांदा पाहुणे जेवले. त्या रविवारी मी प्रभुभोजनालाही गेलो. दादा माझ्या शेजारी होते.

पुढं सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. १९८१ साली आजोबा गेले तेव्हा दादा पुन्हा पंधरा दिवस प्याले. पुन्हा दवाखाना, पुन्हा ओट्यावर माणसं. त्यानंतर मात्र १९९९ साली डोळे मिटेपर्यंत त्यांनी थेंब घेतला नाही. आमच्याच बोळातल्या दुसऱ्या एका बापासाठीही मंडळीनं इतकंच केलं. तोच पाळक, तीच माणसं, त्याच पाळ्या. तो वाचला नाही. त्याच्या मयतीला दादा पुढं होते. खड्ड्याच्या कडेला ते बराच वेळ उभे राहिले आणि परत येताना म्हणाले, "मी आन् तो, काय फरक रं?" याचं उत्तर माझ्याजवळ तेव्हा नव्हतं, आजही नाही.

मी पुढं शिकलो, नोकरीनिमित्त पुण्याला गेलो. मोठमोठी देवळं पाहिली, चांगली प्रवचनं ऐकली. माणूस बदलतो कसा, यावर बोलणारे पुष्कळ भेटले. मला आपली सिमेंटचं पोतं सायकलवर नेणारी, शेळ्या हाकणारी आणि सात ते नऊ ओट्यावर बसणारी माणसं आठवतात. दादा त्यांच्यामुळंच बदलले असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, "देवानं केलं." पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणायचे, "मिस्त्रींनी केलं." बाईंना विचारायचं राहूनच गेलं.

मागच्या वर्षी मंडळीनं आवाराला रंगरंगोटी केली. नव्या पिढीतल्या एका पोरानं मला फोन केला. "काका, मागच्या भिंतीला गिलावा करून टाकू का? ती मधली रेघ बरी दिसत नाही."

मी म्हणालो, "राहू दे."

त्यानं कारण विचारलं. फोनवर सांगता आलं नाही, म्हणून हे लिहिलं.